समुद्राच्या काठीचा सांधा

हिंगणघाटात रूपरावांच्या हाताला तोड नव्हती, आणि त्यांच्या जळण्यालाही नव्हती.

हाताचं आधी सांगायला हवं. कापसाच्या जिनिंगमधल्या रोलरचा दांडा झिजला, पिठाच्या गिरणीचा बुश खडखडू लागला, कुणाच्या विहिरीवरचं इंजिन खोकायला लागलं, की माणसं म्हणत, "रूपरावले दाखवा, तो कानानंच सांगते." आणि रूपराव खरंच कानानं सांगत. मशीन चालू करायला लावायचे, डोळे मिटायचे, ओठांचा चंबू करायचे आणि मशीनचा आवाज आपल्या तोंडानं काढायचे. "खडाक्-खुड, खडाक्-खुड... थांब बे, खडाक् बरोबर हाये, हे खुड कुठून येऊन राह्यलं? डाव्या अंगाचा बेरिंग गेला." उघडून पाहावं तर डाव्या अंगाचाच गेलेला असायचा. सतराव्या वर्षी वडनेरहून एक पत्र्याची पेटी घेऊन ते जिनिंगमध्ये लागले, ते वर्कशॉपच्या लेथपाशीच म्हातारे होत चालले होते.

आता जळण्याचं. वडनेरला भावाची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीइतकी झाली की रूपराव घरी येऊन अर्धी भाकरी कमी खात. शेजारच्यांनी कूलर घेतला त्या उन्हाळ्यात ते रोज अंगणात कानात कापूस घालून बसले. "घोंगाट होते," म्हणायचे. जिनिंगमध्ये नोकरी, त्यामुळे कापसाची ददात नव्हती. साडूला मुलगी झाली तेव्हा पेढा तोंडात धरून ते म्हणाले होते, "खवा जुना हाये." जळायला लागले की त्यांचा उजवा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जाई आणि पाळी ओढू लागे. बायको आनंदाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या ओळखायच्या. "कान लांबून राह्यला तुमचा. कोनाचं बरं झालं आज?"

फक्त एका जागी हा माणूस सुखी होता. वणा नदीच्या काठी, रविवारी सकाळी, बांबूच्या काठीला गळ लावून. तिथं त्यांच्यासारखा दुसरा नव्हता. बाकीच्यांना बोटभर चिंगळ्या मिळायच्या तेव्हा रूपराव दोन-दोन किलोची मरळ घेऊन सायकलवर घरी यायचे, मुद्दाम बाजारातून, आणि मुद्दाम पिशवी न घेता. काठावर बसलेलं कुणी विचारायचं, "रूपरावभाऊ, इथं टाकू का तिथं?" आणि रूपराव डोळा न उघडता हनुवटीनं जागा दाखवायचे. आठवड्यातले सहा दिवस जगावर जळायचं आणि सातव्या दिवशी जगानं आपल्यावर जळायचं, असा त्यांचा हिशेब ठरलेला होता. निदान जग जळतं असं ते धरून चालत.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत हा हिशेब बिघडला. पुंडलिकरावांच्या दुकानात समुद्राची काठी आली.

पुंडलिकराव म्हणजे बाजारातले खिळे-दोरखंडवाले. त्यांची मुलगी रीता दिली होती विशाखापट्टणमला, जावई धर्मेंद्र तिथल्या बंदरात कामाला. कुठल्याशा जहाजावरचा साहेब जाताना आपली मासे धरायची काठी जावयाला देऊन गेला, आणि जावयानं ती दिवाळीला सासऱ्याला आणून दिली. बारा फुटांची, काळी कुळकुळीत, बुडाशी चक्री, अंगाला कड्या. सहा-सहा फुटांचे दोन तुकडे आणि मधे एक पितळी सांधा. वरच्या तुकड्याच्या टोकाला पितळेची भरीव कांडी, खालच्याच्या तोंडाशी पितळेची नळी. कांडी नळीत सरकवली की काठी एकसंध. कारागिरांच्या भाषेत कांडीला नर म्हणायचं, नळीला मादी.

गंमत अशी की पुंडलिकरावांच्या घरात मासा नावालासुद्धा चालत नसे. चातुर्मासात कांदा उंबऱ्याच्या आत येत नसे, तिथं मासा कुठला! पण काठीनं पुंडलिकराव वेडे झाले. गिऱ्हाईक दोन किलो खिळे मागायला आलं की तराजू तसाच सोडायचे आणि गल्ल्यामागून लाल कापडाची लांबलचक पिशवी काढायचे.

"ये देखो. हा एक तुकडा. हा दुसरा तुकडा. आता कान इकडे करा, जी, मंग म्हनसान का सांगतलं नाई." मग श्वास रोखायचे, आणि, टक्!

"वा!" गिऱ्हाईक म्हणायचं.

"समदं विदेशी! आता पाहा, सोडतो." पक्! "आता पुन्हा." टक्! "समुद्रातला मासा याले लटकला त हालत नाई, समझलं का?"

एकदा कानस घ्यायला गेलेल्या रूपरावांसमोरही हा प्रयोग झाला. टक् ऐकला आणि रूपरावांचे डोळे आपोआप मिटले. आयुष्यभर मशीनचे आवाज ऐकलेला तो कान. इतका गोल, इतका भरलेला, कुठेही न घासणारा टक् त्यांनी ऐकला नव्हता. हात पाळीकडे गेला.

"किती मासे धरले हो यानं?" त्यांनी अगदी सहज विचारलं.

"छी छी! आमच्या घरात मासा? नाव नका काढू, रूपराव."

"मंग काठी कशाले?"

"काठी येगळी, मासा येगळा," पुंडलिकरावांनी समजावलं. "तुमच्या घरी बंदूक असती त काय तुमी मानूस मारला असता?"

रूपराव कानस न घेताच घरी आले. घरी आनंदाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्या आपणहोऊन म्हणाल्या, "मी पाह्यली बरं ती काठी. पुंडलिकरावच्या शोभाबाईनं दाखवली. काय चकाकते, माय! तुमच्या काठीवर त धुनंही वाळत घालू नाई वाटत."

सर्वांत वाईट म्हणजे नदीसुद्धा सुटली नाही. पुढच्या रविवारी रूपराव पाण्यात गळ सोडून बसतात न बसतात, तोच मागून आवाज आला, "रूपरावभाऊ, पुंडलिकरावची काठी पाह्यली का?" जागा विचारणं राहिलंच बाजूला. मरळ मिळाली तरी लोक म्हणत, "समुद्राची काठी असती त हिची माय भेटली असती." आपला बांबू सायकलच्या दांड्याला बांधून आणावा लागतो, वळणावर लोकांच्या डोळ्यांत जातो, ती काठी मात्र सुटी करून काखेत बसते. मासा न खाणाऱ्याच्या काखेत! रूपरावांच्या जखमेवर हे मीठ रोज नव्यानं चोळलं जाई.

दीड वर्ष असं गेलं. शेवटी रूपरावांनीच एक दिवस भर दुकानात टोला हाणला. "पुंडलिकराव, काठी पान्यावर आनाल, का खिळ्याच्या डब्यातच मासे धराल?"

चार गिऱ्हाइकं हसली. पुंडलिकरावांना लागलं. "येतो ना! या रविवारी येतो. पन गळ नाई लावनार. कोनाचा जीव जाईन. नुस्तं शिसं लावून फेकून दाखवतो. त्या काठाले नाई गेलं त नाव बदलजा!"

रविवारी वणेच्या काठावर शंभरेक माणूस जमलं. पुंडलिकराव धुतलेलं धोतर नेसून आले. लाल पिशवी उघडली. एक तुकडा, दुसरा तुकडा. सगळे कान टवकारून उभे. आणि टक् काही आला नाही. आला तो खुट्. कुणाच्या ध्यानात आलं नाही, पण गर्दीत मागे उभ्या रूपरावांनी मान वर केली. खुट्?

पुंडलिकरावांनी काठी डोक्यामागे नेली, "ये देखो!" म्हणाले आणि सगळ्या जिवानिशी फेकली. शिसं गेलं. त्याच्यामागे काठीचा अर्धा शेंडाही गेला. सहा फुटांचा काळा तुकडा दोऱ्यावरून सर्रकन घसरत नदीच्या मध्यावर जाऊन पडला, आणि पुंडलिकरावांच्या हातात उरलं बूड. मग पुंडलिकराव चक्री फिरवू लागले, आणि पाण्यातून शेंडा वळवळत काठाकडे येऊ लागला.

"लागला, लागला!" मागून कुणीतरी ओरडलं. "सहा फुटाचा हाये, सांभाळून ओढा!"

"काकाजी, शाकाहारी मासा हाये तो, चालते!"

त्या दुपारी रूपराव तीन भाकरी जेवले. पाळीला हात लावला नाही. वडनेरच्या भावाची चौकशी केली आणि शेजाऱ्यांचा कूलर चांगला गार देतो असंही म्हणाले. आनंदाबाई घाबरल्या.

सोमवारी संध्याकाळी जिनिंगची सुट्टी झाली तेव्हा फाटकाशी पुंडलिकराव उभे. काखेत लाल पिशवी, तोंड उतरलेलं.

"रूपराव, तुमच्याशिवाय कोनाच्यानं होत नाई हे. जावई दसऱ्याले येते. पहिलं काठी पाहाले मागते तो."

असलं वाक्य ऐकायला रूपरावांनी दीड वर्ष वाट पाहिली होती. पिशवी घेतली, काठी जोडली, सांधा कानाशी नेला आणि हलवला. "खुट-खुट, खुट-खुट. नर झिजला. पन इतला कसा झिजला? पितळ हाये, काही खडू नाई." मग त्यांनी सांधा नाकाशी नेला. पुन्हा हुंगला. कडेला गुंडाळलेल्या दोऱ्याच्या फटीत नख घातलं, करडी भुकटी निघाली. "पुंडलिकराव, याले चिंचेचा वास काऊन येते?"

"चिंचेचाच येईन ना. शोभा घासते."

"काय घासते?"

"पितळ घासते. दर गुरवारी देवाचे तांबे, समई, घंटी घासते ना, त्याच्यासंगं हेही. चिंच आन राख. देवघराजवळच ठेवतो आमी काठी. कधी मासा नाई शिवला त शुद्धच हाये ती. आन काळं पडलेलं पितळ घरात ठेवते का कोनी?"

रूपरावांना हसू दाबायला खोकावं लागलं. दीड वर्ष दिवसातून वीसदा टक्-पक्, आणि वर दर गुरुवारी राखेचा रगडा! समुद्राचं पाणी, वाळू, वारा सोसायला बनवलेला सांधा समुद्रापासून शेकडो मैलांवर, एक मासा न धरता, नुसता दाखवून आणि घासून झिजला होता. त्यातून राखेनं करकरायला लागला तेव्हा सहज सरकावा म्हणून पुंडलिकरावांनी वर शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. तेलात राख कालवली की पितळाला कानस लावल्यासारखंच की.

"ठेवून जा," रूपराव म्हणाले. "आठ दिवसानं पाहू."

आठाचे वीस झाले. काठी रूपरावांच्या घरात दाराआड उभी होती आणि रूपरावांना वाटलं होतं की आता तरी जळणं थांबेल. ते दुप्पट झालं. दुकानात ती दुसऱ्याची होती ते ठीक. इथं आपल्याच भिंतीला टेकून ती दुसऱ्याची होती. कामावरून आले की ते आधी काठी जोडत, अंगणात उभे राहून नुसतीच फेकायची ॲक्शन करत, मनगटाला कळणारा तो लवलवता जोर पाहत आणि परत सोडत. सांधा खुट् म्हणायचा. टक् ते स्वतः तोंडानं म्हणायचे.

"काय टक्-टक् करून राह्यले पालीवानी?" आनंदाबाईंनी विचारलंच. "देऊन द्या ना त्यायची त्यायले."

"सामान नाई आलं अजून."

"कोनतं सामान?"

रूपराव काठीवरची धूळ पुसायला लागले. कारण त्यांच्या मनात जे आलं होतं ते बाईमाणसाला, खरं तर कुठल्याच माणसाला, सांगण्यासारखं नव्हतं. नर नळीत सरकवायचा, आरपार एक बारीक भोक पाडायचं आणि त्यात रिपीट, म्हणजे पितळी मेख, ठोकून द्यायची. संपलं. सांधा जन्मात हलणार नाही. मजबुतीला कुणी नाव ठेवणार नाही. उलट म्हणतील, पक्कं काम केलं रूपरावनं. पण काठी पुन्हा कधी सुटणारही नाही. बारा फुटांचा दांडा! लाल पिशवीत मावणार नाही, गल्ल्यामागे राहणार नाही, देवघराजवळ तर नाहीच. टक् नाही, पक् नाही, ये देखो नाही. माडीवर धान्याच्या पोत्यांमागे आडवी पडेल. आणि विचारलं तर सांगता येईल, "तुमाले मजबुती पायजे होती ना, जी?"

ह्या विचारानं त्यांना इतकं गोड वाटलं की दुसऱ्या दिवशी ते काठी वर्कशॉपमध्ये घेऊन गेले, सांध्यावर भोकाची खूण करायच्या पंचाचं टोक टेकवलं, हातोडी उचलली आणि आधी चहा घेऊ म्हणून बाहेर टपरीवर आले. गोड गोष्ट माणूस जरा लांबवतोच.

टपरीवर डोमाजी बसले होते. डोमाजी बसस्टँडजवळ फवारणीचे पंप दुरुस्त करायचे, आणि त्या सोमवारी फाटकाशी लाल पिशवी रूपरावांकडे गेली ते त्यांनी टपरीवरून पाहिलं होतं. त्यांच्या मते हिंगणघाटात कारागीर दोनच होते, आणि दुसरा कोण ते त्यांना आठवत नसे.

"या या," डोमाजींनी बशीतला चहा फुंकत म्हटलं. "काय म्हन्ते काठी? वीस दिवस झाले. अंडे देऊन बसली का तुमच्या घरी?"

"होऊन राह्यलं काम."

"होत नसन त सांगजा. लाजाचं काय त्यात? तुमचा हात रोलरवर बसेल हाये. लठ्ठ काम. हे बारीक काम. आमी पंपाचे दट्टे बसवतो, हवेले वाट नाई सापडत. मले द्या. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो, वरतून तार आवळतो, संध्याकाळी घेऊन जा."

"ट्यूबची पट्टी!" रूपराव म्हणाले.

"मंग काय रिपीट ठोकाल?" डोमाजी हसले. टपरीवाला हसला. डोमाजींनी टाळी मागितली आणि त्यानं दिली. "सरकता सांधा ज्याले जमत नाई तो रिपीट ठोकते. लोहारकाम!"

चहा तसाच ठेवून रूपराव उठले. पाळी इतकी ओढली की लाल झाली. आजवर पुंडलिकरावांवर जळले होते, ती तर चूल होती. हा वणवा होता. पुंडलिकरावांकडे वस्तू होती. हा माणूस हातावर बोट ठेवत होता. रिपीट ठोकली तर काठी माडीवर जाईल खरी, पण बसस्टँडपासून बाजारापर्यंत डोमाजी सांगत फिरतील, "नाई जमलं रूपरावले." आणि लोक विश्वास ठेवतील, कारण रिपीट डोळ्यांना दिसेल.

ते आत आले, पंच फळीवर ठेवला आणि पितळेचा गोल बार शोधायला लागले.

पुढचे पाच दिवस सुट्टी झाल्यावर ते लेथवर थांबत. मेणबत्तीच्या आचेवर जुना नर फिरवून आतला गोंद सोडवला आणि नर उपटून काढला. मादीचं तोंड एका अंगानं खाल्लं गेलं होतं. ते आतून अगदी हलक्या हातानं गोल केलं. मग नवा नर कातायला घेतला. पहिला रागात कातला, जाड राहिला. ठोकून बसवला तर निघेना. मादी चुलीवर शेकून, दोन फडकी धरून, मशीन पुसणाऱ्या माणसाला दुसरीकडून ओढायला लावून सोडवावा लागला. "मनात डोमाजी होता," रूपराव त्याला म्हणाले. "डोमाजी ठेवून कातलं त असंच होईन." दुसरा त्यांनी डोळे मिटून कातला, म्हणजे जवळजवळ. कागदाच्या पापुद्र्याइतकं काढायचं, सांधा जोडायचा, कानाशी न्यायचा. "झ्यँक. अजून झ्यँक." पुन्हा पापुद्रा. "झुप्. आता आलं, आता आलं." मग बारीक पॉलिश कागद, मग सुती फडकं, आणि शेवटी नराच्या अंगावर मेणबत्तीचा तुकडा एकदा फिरवला.

जोडला: टक्! सोडला, तर नुसता पक् नाही. आत कोंडलेली हवा सुटावी तसा गोल, ओला आवाज आला. टप्!

रूपरावांनी आजूबाजूला पाहिलं. पाहायला कुणी नव्हतं. त्यांनी स्वतःलाच दहा-बारा वेळा ऐकवलं.

रविवारी तोंडओळखीची माणसं नदीवर यायच्या आधी ते काठी घेऊन काठावर गेले. तपासायला नको का? पिशवीत गळ होता, डबीत गांडुळं होती. डबी उघडली आणि परत लावली. ही काठी उद्या देवघराजवळ उभी राहायची. शोभाबाईंनी तिला कधी मासा शिवू दिला नव्हता. त्यांनी दोऱ्याला एक लोखंडी नट बांधला आणि फेकला. नट नदी ओलांडून पलीकडच्या वाळूत जाऊन रुतला. सांधा हूं की चूं बोलला नाही. रूपरावांचा बांबू उभ्या जन्मात नदीच्या अर्ध्याला पोचला नव्हता. ते बराच वेळ पलीकडची वाळू बघत बसले.

सोमवारी काठी पोचवली. पुंडलिकराव दुकानात नव्हते, शोभाबाई होत्या. "वयनी, याले चिंच नाई, राख नाई, तेल नाई. सैल वाटला, घट्ट वाटला, त मेनबत्ती घासजा. काळं पडलं त पडू द्या."

"काळं पडू देऊ? देवाजवळ?"

"देवाले चालते, वयनी. सांध्याले नाई चालत राख."

दोन दिवसांनी बाजार होता. आनंदाबाईंना घमेलं घ्यायचं होतं, म्हणून रूपराव त्यांच्यासोबत गेले. दुसरंही कारण होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. दुकानासमोर दहा-बारा माणसं, मधे पुंडलिकराव, हातात लाल पिशवी. रूपरावांची चाल मंद झाली.

"ये देखो," पुंडलिकराव सांगत होते. "महिनाभर नव्हती ना दुकानात? कंपनीत पाठवली होती. विशाखापट्टणम! जावयाले फोन केला, म्हटलं सांधा बदलवून पाठवा, असली बसवा. तिथून बनून आली." टक्! "ऐकलं? हिंगणघाटात होते का असं काम?"

"नाई जी, कसं होईन," कुणीतरी म्हणालं.

रूपराव जिथल्या तिथे उभे राहिले. महिनाभर दुकानात पुंडलिकराव हीच कथा सांगत होते. विदेशी काठी जिनिंगच्या मिस्त्रीकडे टाकली आहे हे त्यांना सांगवेना. आणि आता सांधा इतका बरोबर बसला होता की कथेला नख लावायला जागा उरली नव्हती. थोडा वाकडा केला असता, एखादा ओरखडा ठेवला असता, तर निदान तो हिंगणघाटचा दिसला असता!

"सांगा ना!" आनंदाबाईंनी कोपर मारलं. "बोला ना!"

"मी काऊन सांगू?"

"तोंड हाये म्हनून सांगा!"

पण रूपरावांच्यानं होईना. आपल्या हाताचं आपल्याच तोंडानं सांगायचं, तेही "नाई जी, कसं होईन" म्हणणाऱ्या माणसांना? ते म्हणतील, पाहा, जळला.

तेवढ्यात गर्दीतून डोमाजी पुढे आले. पंपासाठी वायसर घ्यायला आले होते. "पाहू," म्हणाले आणि काठी घेतली. सांधा ओढला. टप्! त्यांच्या भुवया वर गेल्या. परत जोडला, परत ओढला. टप्! मग पंपाचा दट्टा चाचपावा तसा त्यांनी अंगठा मादीच्या तोंडावर घट्ट दाबला, उचलला, आत पाहिलं, नराच्या कडेवरून नख फिरवलं. तोंडातला चहा कडू लागल्यासारखा चेहरा झाला.

"विशाखापट्टणम?" ते म्हणाले.

"हौ. कंपनी."

"कंपनीवाला अशी हवा नाई धरत, पुंडलिकराव. कंपनीवाला दिवसाले हजार काततो, त्याले कान लावाले टाइम नाई. हे कान लावून कातेल हाये." डोमाजींचे शब्द दातांतून एकेक करून, ओढून काढल्यासारखे येत होते. "हिंगणघाटात असा कान एकाच मानसाले हाये. आन तो मी नाई. हे मले सांगा लागून राह्यलं हे काय कमी हाये? या सांध्यात रूपराव बसेल हाये."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. पुंडलिकराव गोरेमोरे झाले. "म्हंजे, कंपनीनंच सांगतलं ना," ते म्हणाले, "का तुमच्या गावात रूपराव असतानी आमच्याकडे काऊन पाठवता!"

दुकान हसलं. आनंदाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. पण रूपरावांचं लक्ष तिकडे नव्हतं. डोमाजी काठी परत देत होते आणि त्यांची नजर काठीवर नव्हती, रूपरावांच्या बोटांवर होती. त्या नजरेची रूपरावांना पुरेपूर ओळख होती. दुसऱ्याच्या पऱ्हाटीकडे, कूलरकडे, काठीकडे पाहताना ती आतून कशी ओढते ते त्यांना ठाऊक होतं. बाहेरून ती कशी दिसते ते मात्र ते आजच पाहत होते. आणि खोटं कशाला सांगा, ती त्यांना फार सुंदर दिसली.

"कोनता टूल लावला?" डोमाजींनी हळूच विचारलं.

"असाच, आपला साधा," रूपराव म्हणाले आणि काठी हातात घेतली. "ये देखो," त्यांच्या तोंडून निघून गेलं. टक्! टप्! मागच्यांना ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा. टक्! टप्! मग डोमाजींच्या कानाजवळ नेऊन. मग आनंदाबाईंसाठी, त्या नको म्हणत असतानाच. मग नुकत्याच आलेल्या एका माणसाला पहिल्यापासून सगळं.

आठव्यांदा की नवव्यांदा टप् झालं तेव्हा आतून शोभाबाई बाहेर आल्या. "पुरे ना, रूपरावभाऊ," त्या म्हणाल्या, "झिजन तो."

"हौ, वयनी," रूपराव म्हणाले. "शेवटचं."